अख्खी पानं

४ नोव्हेंबर

चिरंजीव मुक्यास,

आईचे आशीर्वाद. आधीच घालून ठेवते, पुढे बोलता बोलता विसरेन.

तीन वर्षांचा होईस्तोवर तू तोंड उघडलं नाहीस म्हणून मी तुला मुका म्हणायला लागले. पुढे बोलायला लागलास, चांगला बोललास, आणि मग परत बंद झालास. नाव वाया गेलं नाही एवढंच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन वाजून गप्प होतो, पत्र टेबलावर पडून माणसाकडे बघत राहतं.

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. हे लिहितोय तो खोगीर. तोच, पागेत घोड्यांची निगा राखायचा तो जुना मोतद्दार. पागेतून काढल्यापासून आमच्या जिन्याखाली किल्ल्या घासत बसतो. बावीस वर्षं पागेची रोजनिशी लिहिली, त्यामुळे अक्षर छापल्यासारखं आहे म्हणे. मला काय, मला त्याचं अक्षर आणि मुंग्यांची रांग सारखीच. म्हणून अट घातलीय. मी बोलेन ते सगळं लिहायचं, फक्त खोकला सोडायचा. मला वाचता येत नाही पण ओळी मोजता येतात. बोलले भरपूर आणि ओळी निघाल्या चार, तर चहा बंद. तो विचारतो, "मावशी, हेसुद्धा लिहू?" हो, हेसुद्धा लिही.

तुझी लेक माझ्याकडेच आहे. भिंगरी म्हणायचास तू तिला, अजून तशीच गरगरते. तू घोड्यांचं नाव काढू नकोस म्हणालास, म्हणून दोन वर्षांपूर्वी तुझ्या घरातून निघाली आणि सरळ पागेत कामाला लागली. हट्ट कोणाकडून आला ते आपण दोघांनी एकमेकांवर ढकलू. पोरांना घोड्यावर बसायला शिकवते. स्वतः बसते तो एक तपकिरी घोडा, त्याचं नाव हेडमास्तर. समोरचा उशिरा आलाय अशा नजरेने बघतो. जनावरांचं खाद्य बनवणारा बाप लेकीला घोड्यांपासून का अडवतो, हे तिला आजवर कळलेलं नाही. मला विचारते. मी चहा ठेवते.

आता कामाचं. परवा तिचा डबा घरी राहिला तो द्यायला पागेत गेले. खाद्याच्या खोलीत दहा नवी पोती. वर घोड्याचं चित्र, खाली दोन लाल कडी. ती कडी मी तुझ्या कारखान्याच्या सदऱ्याच्या खिशावर वीस वर्षं धुतलीयत, मला वाचावी लागत नाहीत. एका पोत्याचा कोपरा फाटलेला आणि हाताने शिवलेला. वरून खाली, खालून वर, शेवटाला दोन वेढे. जनावरांच्या दवाखान्यात चिरफाडीच्या खोलीत मी चाळीस वर्षं त्या टाक्याने पोटं मिटवली, आणि तुला सहाव्या वर्षी उशीच्या अभ्र्यावर तो शिकवला. तिसऱ्या कोणाला येत नाही.

म्हणजे पोतं तुझ्या हातून गेलं. घोड्याचं चित्र तू बघितलंस.

एकच विचारते. त्या दिवशी मिक्सरमधून आधी कोंबड्यांचं खाद्य निघालं होतं का? निघालं असेल, तर मध्ये कोंडा फिरवला होता का?

खोगीर विचारतो, कोंडा कशाला फिरवायचा. त्याला सांगते, तूही ऐक. कोंबड्यांना रक्ती हगवण लागू नये म्हणून त्यांच्या खाद्यात एक पूड घालतात. ती मिक्सरच्या कडांना चिकटून राहते. म्हणून नुसता कोंडा आत टाकून दोनदा फिरवायचा, तो फेकून द्यायचा, मगच दुसऱ्या जनावराचं खाद्य. कोंबडी ती पूड जन्मभर खाते. गाय खाते. घोड्याला थोडीशी पुरते.

"पुरते म्हणजे?" खोगीर विचारतो.

लिही, म्हटलं.

तुझं एक मला माहीत आहे, बाहेर ट्रक उभा असला की तुझा कोंडा राहतो. पण आता वयाने शहाणा झाला असशील. तांबडी घोडी आठवते ना? सोळा वर्षं झाली. कण्हेर खाऊन मेली ती. तिच्या पोटातली सात पानं तळहातावर ठेवून मीच डॉक्टरांना दाखवली होती. खोगिराने तिला कण्हेरीच्या कुंपणाजवळ बांधली म्हणून त्याचं काम गेलं. हो रे खोगिरा, तुझ्यासमोरच बोलतेय, तुझ्या पाठीमागे बोलायला मला वेगळा लेखनिक कुठे आहे. तो मान हलवतो आणि लिहितो. गुणी आहे.

तर हो का नाही, एवढंच कळव. खोगीर म्हणतो, एकाला एक अक्षर लागतं आणि दुसऱ्याला दोन. तेवढे कष्ट घे.

आई


१२ नोव्हेंबर

चिरंजीव मुक्यास,

आशीर्वाद, पण या वेळी मोजून.

आठ दिवस झाले. पोस्टमन दिसला की खोगीर जिन्याखालून ओरडून सांगतो, "नाही मावशी." आता तर पोस्टमनच सांगतो.

पागेतले घोडे ते खाद्य खात नाहीत. तोंड घालतात, फुंकर मारतात आणि बाजूला होतात. मॅनेजर म्हणतो नव्या चवीची सवय नाही, लागेल. भिंगरी म्हणते, "आजी, तू डबा द्यायला येतेस का तपासणीला?" मी म्हटलं, डबा निमित्त. ती हसली. मग म्हणाली, हेडमास्तरला तिने शक्कल करून खायला लावलंय. गाजर किसून कालवते आणि हाताने भरवते. तो खातो. फक्त तिच्या हातून खातो.

मी तिला म्हटलं, भरवू नकोस. का, म्हणाली. मी म्हटलं, मला वास बरा वाटत नाही. "तुझ्या नाकाला सगळ्याचाच वास येतो, चाळीस वर्षं काय काय हुंगलंस." खरं आहे.

खोगीर मघाशी विचारत होता, एकच पूड कोंबडीला औषध आणि घोड्याला विष, हे कसं. बावीस वर्षं घोडे खरारले आणि आतून एकही बघितला नाही. मी म्हटलं, मी बाहेरून कुठे बघितले, धडधाकट जनावर माझ्याकडे यायचंच नाही. मग त्याला बसवून शिकवलं. तूही लहानपणी खोलीच्या उंबऱ्यावर बसून शिकलास, पण उजळणी होऊ दे.

गाय घाईचं जनावर. ओरबाडते आणि गिळते, पान अख्खं आत. मग सावलीत बसून सावकाश वर आणते आणि चघळते. चार पोटं तिला. पहिलं एवढं की तरुणपणी मी गुडघे मुडपून त्यात मावले असते. दुसरं जाळीचं, त्यात खिळे, तारा, एकदा चमचा. तिसरं वहीसारखं पानापानांचं, कोरं, म्हणून मला आवडायचं. चौथं आपल्यासारखं. त्या पहिल्या पोटात बारीक जिवांचं सगळं गाव राहतं, ते गाव गवत आंबवतं आणि गाय त्या गावावर जगते. वाईटसाईट काही आलं तर आधी त्या गावाशी गाठ.

कोंबडीला दात नाहीत. गळ्याशी पिशवी, खाली जातं. खडे गिळते आणि त्या खड्यांनी दाणा दळते. एकीच्या जात्यात मला कानातला डूल सापडला होता, झिजून मण्यासारखा झालेला. कोणाचा ते कधी कळलं नाही. मी त्याबद्दल फार विचार करायची.

कुत्र्याचं आतडं आखूड. चुकीचं खाल्लं की ओकतो आणि शेपटी हलवत परत येतो.

घोडा यांपैकी काहीच नाही. एवढं धूड आणि पोट बादलीएवढं. खरा कारभार मागे, आंधळ्या आतड्यात. ते पोत्याएवढं असतं आणि गवत तिथे जाऊन आंबतं. म्हणजे जे काही खाल्लं ते आधी अंगाला लागणार, मग त्या गावाला भेटणार. आणि घोड्याला ओकता येत नाही. पोटाच्या तोंडाशी असा घट्ट चाप की आत गेलं ते गेलं. म्हणून घोडा खाताना जपतो. बारीक चावतो, वाटलेल्या चटणीसारखं करतो. चाळीस वर्षांत घोड्याच्या पोटात मला ओळखू येईल असं एक पान दिसलं नाही. हिरवा चोथा, बस.

खोगिराचं पेन थांबलं. शाई संपली म्हणतो. खाली जाऊन दुसरं पेन घेऊन आला, बराच वेळ लावला.

हं. तर ती पूड. ती घोड्याच्या काळजावर का जाते, ते आमच्या डॉक्टरांनाही नीट सांगता यायचं नाही. पण जाते. काळजाचं मांस उकडल्यासारखं पडतं, पांढरे पट्टे पट्टे. जास्त खाल्ली तर दोन दिवसांत मागचे पाय लटपटतात, घाम सुटतो, मूत चहासारखं येतं आणि संपतो. पण मला भीती वाटते ती वाचलेल्याची. थोडी खाऊन वाचलेला घोडा चारा खातो, चकाकतो, खिंकाळतो. आणि महिन्याने त्याला पळवला की पळता पळता खाली येतो. पाठीवर जो असेल त्याच्यासकट.

पाठीवर कोण असतं ते मी मागच्या पत्रात लिहिलंय.

आई


१९ नोव्हेंबर

मुक्या,

आशीर्वाद आहेतच, उगाळत नाही.

पागेतलं म्हातारं तट्टू मेलं. फुगा म्हणायची पोरं त्याला. दात पडलेले, त्यामुळे मऊ म्हणून त्याला तेच खाद्य भिजवून घालत होते, सकाळ-संध्याकाळ. परवा मागच्या पायांवर बसलं, कुत्र्यासारखं. घोडा असा बसत नाही. मी बघायला गेले तेव्हा अंगाला घाम, आणि खालचा पेंढा चहाच्या रंगाचा. मॅनेजर म्हणाला पोटशूळ, वय झालं होतं. मी म्हटलं, उघडून बघा. त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी त्याच्या आजोबाला उघडा म्हणतेय.

"उघडायचं कशाला, आजी? सव्वीस वर्षांचं होतं."

"मी चौऱ्याहत्तरची आहे, मी मेले तर मला उघडा."

हसला. तट्टू दुपारी पुरलं. आमची चिरफाडीची खोली बंद होऊन नऊ वर्षं झाली. आता तिथे सायकली लावतात.

घरी आल्यावर भिंगरी रडली, मग माझ्यावर चिडली. "तुला मेल्याशिवाय कशात रस वाटत नाही, आजी." मग तिने सांगितलं की येत्या रविवारी, पंचवीसला, लांबची दौड आहे. नऊ वाजता फाटकातून निघायचं, टेकडीला वळसा घालून दुपारी परत. ती हेडमास्तरवर. मी म्हटलं, त्याला नेऊ नकोस. दुसरा घे.

"कारण सांग."

कारण जिभेवर आलं होतं. दातांनी अडवलं. म्हटलं, मला स्वप्न पडलं. ती म्हणाली, "तुला स्वप्नं पडत नाहीत. तूच म्हणतेस, झोपते ती ओंडक्यासारखी." माझंच बोलणं माझ्या तोंडावर. उठून गेली.

नुसतं मी म्हणतेय म्हणून पागा ऐकणार नाही. त्यांना नाव हवं, तारीख हवी, कारखान्यात काय झालं ते तिथल्या माणसाच्या तोंडून हवं. तो माणूस तू आहेस. तू सांगितलंस तर एवढंच निघेल की कोंडा राहिला. मी सांगायला बसले तर मला विचारतील, म्हातारे, तुला कसं ठाऊक. मग मागचं निघेल. त्या दिवशी मी किती वेळ हात धूत होते ते तुला आठवत असेल. तू दारात उभा होतास.

खोगीर, हे लिहिलंस? लिहिलं म्हणतो. वर बघत नाही. हल्ली चहात साखर घालू का विचारलं तरी वर बघत नाही.

त्याची मान अवघडली असेल. किल्ल्यांचं काम वाईट.

रविवारच्या आत ये, नाहीतर कळव. सहा दिवस आहेत.

आई


२५ नोव्हेंबर, रविवार

मुक्या,

आज आशीर्वाद शेवटी घालते, उरला तर.

तुझं उत्तर काल आलं. वाचणार कोण हे तुला सुचलं नाही, का सुचलं होतं? भिंगरी वाचेल असं वाटलं असेल. ती पागेत होती, दौडीची तयारी. खोगीर वर आला, पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं. परत तुलाच ऐकवते, म्हणजे कसं वाटतं ते कळेल.

"आई, ती पोती परत पाठवायला सांग. कारण सांगू नकोस. माझं नाव निघालं तर तुझंही निघेल. आणि त्या मोतद्दाराच्या हातून पत्रं काय लिहवून घेतेस, वेडी झालीस का."

शेवटचं वाक्यही त्याने तसंच वाचलं, रोजनिशी वाचावी तसं. कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि खाली गेला. मी रात्रभर जागी. ओंडक्याला पहिल्यांदा झोप आली नाही.

सकाळी भिंगरी निघाली. मी दारात आडवी उभी राहिले. तिने मला दोन्ही खांदे धरून बाजूला केलं, हळूच, कपाट सरकवावं तसं. "आजी, संध्याकाळी भांडू."

मग मी खोगिराला हाक मारली. आता तो बसलाय, कागद काढलाय. सगळं लिही रे. खोकलासुद्धा.

मुक्या, तू त्या दिवशी दुपारी मागच्या दाराने आलास. कारखान्याचा डगला अंगात, पापण्यांवर पीठ. म्हणालास, "आई, कोंडा नाही फिरवला. ट्रक उभा होता." तांबडी आधीच टेबलावर होती. डॉक्टर गावाबाहेर एका अडलेल्या गाईकडे गेले होते. जनावर उघडून ठेवायचं काम माझं, बघायचं त्यांचं. मी उघडलं. पोटात तुझं खाद्य होतं. पिवळसर, खुराड्याचा वास येणारं. मी तुला म्हटलं, घरी जा आणि जेव. तू गेला नाहीस, दारातच थांबलास. मी तीन बादल्या पाणी ओतलं आणि ते पोट धुतलं. ताटासारखं स्वच्छ केलं.

पण रिकामं पोट बघून डॉक्टर विचारणार. म्हणून दवाखान्याच्या मागच्या कुंपणाची कण्हेर तोडून आणली. कण्हेर का, तर तीही काळजालाच धरते. काळजावरचे पट्टे बघून कोणाला वेगळं वाटणार नाही. एवढी अक्कल होती मला. सात पानं. आत ठेवली.

आणि तिथे चुकले. त्या आठवड्यात मी सगळ्या गाईच उघडल्या होत्या, हात गाईच्या सवयीने चालले. गाईच्या पोटात पान अख्खं सापडतं. घोड्याच्या नाही. हात बाहेर काढला आणि लक्षात आलं. परत घालून ती चुरडणार, तेवढ्यात डॉक्टरांच्या सायकलची घंटा वाजली.

त्यांनी पानं बघितली. एक उचललं, उलटं केलं, दाताची खूण आहे का बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "हात धुऊन घ्या," म्हणाले आणि लिहायला बसले. अहवालात नुसतं लिहिलं, कण्हेरीची पाने. अख्खी का चावलेली ते लिहिलं नाही. पुढच्या महिन्यात ते निवृत्त झाले. तोवर माझ्या हातचा चहा घेतला नाही.

पागेने विचारलं, घोडी कण्हेरीपाशी कोणी बांधली. एकच माणूस होता विचारायला.

तू तेव्हापासून माझ्याकडे नीट बघितलं नाहीस. मला वाटायचं, माझी किळस येते. आता वाटतं, तुला भीती वाटायची की मी कोणासाठीही असं करेन. नाही रे. तुझ्यासाठी केलं. त्याने ते चांगलं होत नाही, हे मला सोळा वर्षं माहीत आहे. रोज चार वाजता एक कप चहा मी वर बोलावून कोणाला पाजते आणि का, हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

खोगिराने पेन न उचलता विचारलं, "मावशी, म्हणजे मी तिला कण्हेरीजवळ बांधली नव्हती?"

मी म्हटलं, नव्हती.

"मला आठवायचं की नव्हती. मग आठवायचं की असेल. शेवटी शेवटी तर डोळ्यासमोर दिसायला लागलं, मी दोर बांधतोय आणि बाजूला कण्हेर."

नव्हती रे, म्हटलं. लिही ते. नव्हती बांधली. हे ठळक काढ, येत असेल तर


इथून पुढचं माझं आहे.

साडेआठ झाले होते. मी पेन ठेवलं, कागद घेतले आणि गेलो.

पागेच्या फाटकातून सोळा वर्षांनी आत गेलो. तुमच्या मुलीचा एक पाय रिकिबीत होता. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने घोड्याच्या मानेवर कागद ठेवून उभ्यानेच वाचलं. शेवटचं पान दोनदा वाचलं. मग पाय काढला. पट्ट्याचं बकल मी सोडलं, जीन तिने उतरवली.

मी घोड्याच्या छातीला कान लावला. ठोके पडतात, पडतात, मग एक पडतच नाही, आणि पुढचे दोन घाईने येतात. बाहेरून जनावर चकाकतंय. मीसुद्धा फसलो असतो.

दौड रद्द झाली. दहापैकी सहा पोती शिल्लक आहेत, त्यांना कुलूप लावलंय. कुलूप माझं आहे. पत्राची एक प्रत करून मॅनेजरकडे दिली. ही दुसरी तुम्हाला.

१२ तारखेच्या पत्रात शाई संपली असं लिहिलं आहे. शाई संपली नव्हती.


२९ नोव्हेंबर

मुक्या,

आज तुझी लेक लिहितेय. अक्षर कसं आहे मला कळत नाही, पण पेन कागदात रुततंय एवढं ऐकू येतं. तिने माझ्यासाठी चार दिवसांत हेच पहिलं काम केलं. बोलणं अजून नाही. "पुढे," एवढंच म्हणते.

खोगीर वर येत नाही. मी जिना उतरायला लागले की खालची कानस थांबते, मी रस्त्याला लागले की परत सुरू होते. काल कप घेऊन खाली गेले, त्याच्या पेटीवर ठेवला. संध्याकाळी कप धुतलेला, पायरीवर पालथा. आतलं प्यायला का ओतलं, ते कळायला मार्ग नाही. आतून बघायची माझी सवय इथे कामाची नाही.

शहरातून घोड्यांचे डॉक्टर आले. पोत्यातलं खाद्य तपासायला नेलं. हेडमास्तरला यंत्र लावलं आणि म्हणाले, पळवायचा नाही, कदाचित कधीच नाही. मग भिंगरीला म्हणाले, "तू त्या दिवशी टेकडीपर्यंत पोचली नसतीस." ती हे लिहिताना थांबली. आता लिहितेय.

मी मॅनेजरच्या टेबलावर सगळं परत सांगितलं. त्याने उतरवून घेतलं, मी अंगठा दिला. तांबडीच्या नोंदीपुढे खोगिराचं नाव होतं, ते खोडून माझं घाला म्हटलं. मागच्या वेळी हसला होता, या वेळी हसला नाही. मला काय होईल ते होईल, या वयात माझं फार काही करता येत नाही. तुझं होईल. मी ते अडवणार नाही. एकदा अडवलं तेवढं पुरे.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते ऐक. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, हा माल आणखी कुठे कुठे गेला. तो माल नुसता दहा पोत्यांचा नसणार. तुझा मिक्सर एका फेरीत किती काढतो ते मला माहीत आहे. उरलेली पोती कुठे कुठे गेली हे तुझ्या वहीत आहे. कारखान्याचा मालक म्हणतो, अशी वहीच नाही. म्हणजे ती तुझ्या घरी आहे, कपड्यांच्या खाली, जिथे तू लहानपणापासून सगळं लपवतोस.

ती घेऊन ये. फोन करू नकोस, पाठवू नकोस, स्वतः ये. खोगीर जिन्याखाली बसलेला असतो. त्याच्यासमोरूनच वर यावं लागेल, दुसरा रस्ता नाही. मी रोज त्याच रस्त्याने जाते, माणूस मरत नाही.

भिंगरी विचारतेय, शेवटी आशीर्वाद लिहू का. चार दिवसांतलं तिचं हे पहिलं पुरं वाक्य. मी म्हटलं, नको. तो इथे ठेवलाय. येऊन घे म्हणावं.

आणि उशीर करू नकोस. त्या पोत्यांतलं घोडे आपण होऊन खात नाहीत. कुठल्या तरी पागेत, आत्ता या घटकेला, कोणीतरी लाडाने गाजर किसत असेल.